पठारावरच्या वसाहती: गोव्यातील औद्योगिक क्षेत्रांच्या नियोजनाची पार्श्वभूमी

गोव्यात औद्योगिक वसाहतीवरून वाद झाला नाही, असे वर्ष क्वचितच जाते. कधी सांडपाण्याचा प्रश्न असतो, कधी घरपट्टीचा, कधी पठारावर नव्याने आखलेल्या भूखंडांचा. वाद वेगवेगळे दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: गावाच्या हद्दीत काय उभे राहावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा आणि त्याचे परिणाम निस्तरण्याची जबाबदारी कोणाची? गेल्या साठ वर्षांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या संस्थांकडे गेल्या. ते कसे घडले हे समजल्याशिवाय आजचे वाद नीट उलगडत नाहीत.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा येथे खाणी, मुरगाव बंदर, शेती, मासेमारी आणि व्यापार होता. कारखानदारी मात्र नाममात्र होती. महाराष्ट्राने 1961 मध्येच स्वतंत्र कायदा करून औद्योगिक विकास महामंडळाचा मार्ग आखला होता, आणि पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात गोव्यानेही त्याच वाटेने जायचे ठरवले. 1965 मध्ये गोवा, दमण व दीव औद्योगिक विकास कायदा झाला आणि 1966 मध्ये महामंडळ स्थापन झाले. जमीन संपादित करून रस्ते, पाणी आणि वीज पुरवायची व भूखंड भाडेपट्ट्याने उद्योजकांना द्यायचे, अशी ही रचना होती. खोर्ली, मडगाव, साकवाळ या सुरुवातीच्या वसाहतींनंतर म्हापसा, थिवी, डिचोली, काकोडा, होंडा, बेतोडा, कुंडई, मडकई, पिळर्ण, कुंकळ्ळी अशी यादी वाढत गेली आणि आज ती वीसच्या पुढे गेली आहे. अवघ्या 3,702 चौरस किलोमीटरच्या राज्यात एवढ्या वसाहती म्हणजे जवळपास प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला किमान एक वसाहत आली. समतोल विकासाचे ते धोरण होते असे म्हणता येईल. आपल्या मतदारसंघातही वसाहत हवी हा प्रत्येक आमदाराचा आग्रह होता असेही म्हणता येईल. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

वसाहतींसाठी जागा निवडताना बहुतेक ठिकाणी पठारे निवडली गेली. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, जमिनी आणि भातशेती वाचवायची, डोंगरउतार टाळायचे, तर जांभ्या दगडाची उंच माळराने उरतात, आणि सरकारी नकाशावर ती ओसाड दिसतात. त्यांतला मोठा भाग कोमुनिदादींचा, म्हणजे गावाची जमीन सामूहिकपणे सांभाळणाऱ्या पूर्वीच्या गावकारीचा होता. ही व्यवस्था पोर्तुगीजांच्याही आधीची. 1526 च्या फोरालाने, म्हणजे पोर्तुगीज सनदेने, तिच्या रूढींची नोंद केली आणि 1961 मध्ये, राजवट संपण्याच्या काही महिने आधी, तिची संहिता पुन्हा प्रसिद्ध झाली. गावकार पठारावर गुरे चारत, गवत कापत, चिरे काढत. पठाराच्या पायथ्याशी झरी असत आणि पावसाळ्यात पठारात मुरलेले पाणीच पुढे त्यांतून बाहेर येई. वेर्णे पठाराच्या कडेचा केसरवाळचा झरा प्रसिद्ध आहे, आणि अशी लहानमोठी झरी पठाराखालच्या अनेक वाड्यांत होती. ज्या जमिनीला नोंदीत पीक नव्हते तिचा उपयोग पाण्याच्या रूपाने खालच्या गावाला होत होता. भूखंड आखताना हा हिशेब कोणी मांडला नाही. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत देशभरात कोठेच तो मांडला जात नव्हता, हेही नमूद करायला हवे.

1973 च्या सुमारास दोन मोठे कारखाने सुरू झाले: साकवाळच्या पठारावरचा खत कारखाना आणि फोंडा तालुक्यातील उसगावचा टायर कारखाना. यांपैकी पहिल्याने आसपासचा भूगोलच बदलला. कारखान्याभोवतीच्या परिसराला झुआरीनगर हे नाव मिळाले, तर लोकांच्या बोलण्यात तो ‘बिर्ला’ झाला. कामगार आले, त्यांच्यासाठी खोल्या उठल्या, बाजार बसला. कामगारांना राहायला घरे लागतील याची तरतूद मात्र वसाहतींच्या आराखड्यांत अभावानेच आढळते. भूखंड, रस्ते, पाण्याची टाकी, वीज उपकेंद्र या सगळ्यांचे नियोजन होते, माणसांचे नव्हते. त्यामुळे वसाहतीच्या कुंपणाबाहेर जे गाव वाढले, ते नियोजनाशिवाय वाढले आणि त्याच्या गटारांची, कचऱ्याची व पाण्याची काळजी पंचायतीच्या गळ्यात पडली.

1974 मध्ये नगर व ग्राम नियोजन कायदा आला. संपूर्ण प्रदेशासाठी प्रादेशिक आराखडा, आणि शहरे व त्यांच्या भोवतालच्या जाहीर नियोजन क्षेत्रांसाठी बाह्य विकास आराखडा, अशी दोन पातळ्यांची व्यवस्था त्यात होती. पणजी, मडगाव व मुरगावसाठी नियोजन व विकास प्राधिकरणे, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या पीडीए, याच कायद्याखाली आल्या. पहिला प्रादेशिक आराखडा ‘2001’ या, म्हणजे ज्या वर्षापर्यंतचा तो होता त्या वर्षाच्या, नावाने 1986 मध्ये अधिसूचित झाला. औद्योगिक विकासाचा कायदा आधी आणि नियोजनाचा कायदा नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. वसाहती आधी जागेवर बसल्या. नकाशात त्यांना रंग देण्याचे काम पुढे झाले.

कार्यालयीन आणि व्यापारी क्षेत्राच्या बाबतीत मात्र गोव्यात एक वेगळा प्रयोग झाला. आर्थिक विकास महामंडळ 1975 मध्ये स्थापन झाले आणि त्याने पणजीला लागून, मळ्यासमोर उरें खाडीच्या पलीकडच्या काठी, पाटो येथे नियोजनबद्ध व्यापारी वस्ती उभारली. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती आणि महामंडळे तेथे गेली आणि जुन्या पणजीवरचा थोडा भार हलका झाला. पाटोचे रस्ते आणि भूखंड आखीव आहेत, हे तेथे गेलेल्या कोणालाही दिसते. पण पाटो शहराच्या हद्दीत होते आणि ती जागा एका संस्थेच्या हातात होती. पर्वरी, फातर्डा किंवा ताळगावसारख्या उपनगरांत जी व्यापारी वाढ झाली, तिला असा एकच कर्ता नव्हता. 2000 मध्ये विधानसभा पर्वरीला हलली तेव्हा महामार्गालगतची पर्वरी पंचायतींच्या हद्दीत होती, आणि आजही तेथे नगरपालिका नाही.

नव्वदच्या दशकात वसाहतींचा वेग वाढला. औद्योगिकदृष्ट्या मागास राज्यांना केंद्राने 1993 पासून उत्पन्नकरात सवलत दिली आणि त्यांत गोव्याचा समावेश होता. औषध कंपन्या मोठ्या संख्येने आल्या त्या या काळात. वेर्णेची वसाहत राज्यातील सर्वांत मोठी झाली: मडगाव, वास्को, दाबोळी विमानतळ आणि मुरगाव बंदर यांच्या मधोमध असलेले पठार, शेजारून जाणारा महामार्ग आणि 1998 मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे, असे सगळे तेथे जुळून आले. दक्षिण गोव्याची आणि येथल्या उद्योगांची पाण्याची गरज साळावली धरण भागवते, जे उभारताना सांगे तालुक्यातील कुर्डी गाव पाण्याखाली गेले. वेर्णेच्या भूखंडाची खरी किंमत मोजायची तर कुर्डीही त्या हिशेबात धरावी लागेल.

लोकांनी या नकाशाला प्रथम जोरदार हात घातला तो फोंडा तालुक्यात. केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन 6,6 चा प्रकल्प येणार होता. त्याविरुद्ध अनेक वर्षे आंदोलन चालले, जानेवारी 1995 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक या तरुणाचा मृत्यू झाला आणि कंपनीला गोवा सोडावा लागला. एखादा प्रकल्प गेला की ती जमीन मूळ वापराकडे परत जाईल, अशी सामान्य माणसाची समजूत असते. तसे झाले नाही. औद्योगिक वापराचा शिक्का राहिला आणि सुमारे दशकभराने त्याच पठारावर विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ, मंजूर झाले.

सेझचे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तेथे नियोजनातली पोकळी उघड झाली. 2006 च्या सुमारास राज्याने सेझ धोरण स्वीकारले, औद्योगिक विकास महामंडळाने सात प्रवर्तकांना सुमारे 38 लाख चौरस मीटर जमीन दिली, आणि त्यांतली मोठी क्षेत्रे वेर्णे पठारावरच होती. तीन सेझ केंद्राने अधिसूचितही केले. वर्षानुवर्षे संपादित केलेली जमीन काही महिन्यांत आणि मोजक्या हातांत गेली, तीही ज्या गावांची ती होती त्यांच्या ग्रामसभांना न विचारता. गावोगावी विरोध उसळला आणि 31 डिसेंबर 2007 रोजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सेझ रद्द करण्याची घोषणा केली. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने भूखंडवाटप रद्द ठरवले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 2018 मध्ये प्रवर्तकांना अडीचशे कोटी रुपयांहून अधिक रक्कम परत करून सरकारने जमीन ताब्यात घेतली. दशकभर ती जमीन ना उद्योगाला मिळाली ना गावाला.

याच सुमारास प्रादेशिक आराखडा 2011 चा भडका उडाला होता. ऑगस्ट 2006 मध्ये अधिसूचित झालेल्या या आराखड्यात मोठ्या हिरव्या जमिनी वस्तीयोग्य दाखवल्या गेल्याचे उघड झाले, गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारने तो मागे घेतला. त्यानंतर चार्ल्स कोरिया, एडगर रिबेरो यांच्यासारख्या जाणकारांचा सहभाग असलेल्या कार्यदलाने प्रादेशिक आराखडा 2021 तयार केला. त्याचे नकाशे पंचायतींकडे गेले, गावपातळीवर त्यांची चर्चा झाली आणि हरकती नोंदवल्या गेल्या. गोव्यातील लोकांनी आपल्या गावाचा नकाशा सर्वे क्रमांकासह वाचायला शिकणे ही या प्रक्रियेची सर्वांत टिकाऊ निष्पत्ती आहे, असे माझे मत आहे. 2011 मध्ये अधिसूचित झालेला हा आराखडा 2012 मध्ये सरकार बदलल्यावर स्थगित झाला आणि पुढे काही वर्षांनी टप्प्याटप्प्याने लागू झाला.

कागदावर पंचायतींचे बळ या काळात वाढायला हवे होते. 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली, त्यानुसार 1994 मध्ये गोवा पंचायतराज कायदा झाला आणि बांधकाम परवाना, घरपट्टी व ग्रामसभा हे विषय त्यात आले. पण भूवापर ठरवण्याचा अधिकार नगर नियोजन खात्याकडेच राहिला, भूखंड महामंडळाकडे राहिले आणि जिल्हा नियोजन समित्यांचा फारसा प्रभाव दिसला नाही. पंचायतीकडे उरली ती शेवटची सही. साहजिकच प्रत्येक वाद त्या सहीपाशी येऊन अडतो: कारखानदार म्हणतो की पंचायत अडवणूक करते, आणि पंचायत म्हणते की आमच्या हातात दुसरे आहे तरी काय. यावर सरकारचे उत्तर बहुधा पंचायतीला वगळण्याचे राहिले. 2014 च्या गुंतवणूक प्रोत्साहन कायद्याने मंडळ नेमून मंजुरी एका खिडकीत आणली आणि काही जमिनी गुंतवणूक प्रोत्साहन क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची वाट खुली केली.

परिणाम मात्र कुंपण ओलांडतातच. जानेवारी 2023 मध्ये पिळर्णच्या वसाहतीतील रंगाच्या कारखान्याला भीषण आग लागली तेव्हा धूर पिळर्ण, साळगाव परिसरातल्या घरांवर पसरला. वसाहत वसली त्या काळी शेजारी घरे विरळ होती. दरम्यानच्या काळात बारदेशची किनारपट्टी पर्यटनाने भरली आणि घरे कुंपणाला येऊन भिडली. कारखाना आणि वस्ती यांच्यात किती अंतर असावे, ते राखण्याचे काम महामंडळाचे की नगर नियोजनाचे की पंचायतीचे, या प्रश्नावर आगीनंतर बरीच चर्चा झाली.

शहर आणि गाव यांच्यातली सीमा पुसट होणे हे या गुंत्याचे आणखी एक कारण आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545 होती आणि तिच्यापैकी सुमारे 62 टक्के शहरी गणली गेली. परंतु ज्या 70 शहरांत ती राहत होती, त्यांतली केवळ 14 कायद्याने शहरे होती. उरलेली 56 जनगणनेपुरती शहरे, कारभाराने गावे. साकवाळ त्यांतलेच एक. मग शहरी वस्तीला पीडीएच्या कक्षेत आणावे असे नियोजकांना वाटते, आणि पीडीए म्हणजे बिल्डरांना मोकळे रान असा ग्रामस्थांचा समज झालेला असतो. 2018 मध्ये बृहन् पणजी प्राधिकरणात घेतलेली सांताक्रूझ व सांत आंद्रे मतदारसंघांतील गावे आंदोलनानंतर वगळावी लागली, ती याच अविश्वासामुळे.

गेल्या काही वर्षांत आराखडा न बदलता एकेका भूखंडाचा वापर बदलण्याकडे कल वाढला आहे. नगर व ग्राम नियोजन कायद्यात आलेली 2018 चे कलम 16ब, 2023 चे कलम 17(2) आणि 2024 चे कलम 39अ ही त्याची तीन पावले. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने 17(2) खालील नियम रद्द करून त्या कलमाची व्याप्ती आक्रसून टाकली. औद्योगिक जमिनीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वसाहतीच्या सीमेबाहेरची शेती अशा सुट्या अर्जांनी गोदामांना किंवा कारखान्यांना देणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

सध्या सर्वांचे लक्ष पेडणे तालुक्याकडे आहे. तुये येथे इलेक्ट्रॉनिक उत्पादनाची वसाहत आखलेली आहे, मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला आहे, आणि त्यामुळे गोदामे, हॉटेले, कार्यालये व कामगारांच्या वस्त्या यांची मागणी संपूर्ण तालुक्यात एकदम वाढली आहे. तालुक्यासाठी केलेला झोनिंग, म्हणजे भूवापर ठरवणाऱ्या, आराखड्याचा मसुदा 2023 मध्ये पुढे आला तेव्हा गावांनी तो नाकारला आणि सरकारने तो बाजूला ठेवला. त्यामुळे पेडण्यात आजही 2021 चाच प्रादेशिक आराखडा चालतो. विमानतळावरून पहिले विमान उडण्याच्या कितीतरी आधी, 2011 मध्ये, तो अधिसूचित झाला होता.