हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा

काख, जांघ, स्तनांखालची घडी, नितंब व गुदद्वाराभोवतीचा भाग अशा घर्षणाच्या जागी पुन्हा पुन्हा दुखऱ्या गाठी येणे, त्या फुटून पू वाहणे आणि पुढे त्वचेखाली बोगदे व दोरखंडासारखे वण तयार होणे, असे स्वरूप असलेला दीर्घकालीन दाहजन्य त्वचाविकार. तो संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेने होत नाही. सुरुवात बहुधा वयात आल्यानंतर, विशीच्या आसपास होते. यूरोप व उत्तर अमेरिकेत स्त्री-रुग्ण पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतात. जपान व कोरियात उलट पुरुष अधिक. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या घरात आणखी कोणाला तरी हाच त्रास असतो. मराठीत काखेतल्या गळवाला काखमांजरी म्हणतात. पण एखाद्याच गळवाला किंवा सुजलेल्या लसीका ग्रंथीलाही तेच नाव दिले जात असल्याने या विकाराचा पर्याय म्हणून ते येथे वापरलेले नाही.

नाव व उगमाचा वाद : ग्रीक ‘हिद्रोस’ म्हणजे घाम, ‘अदेन’ म्हणजे ग्रंथी, म्हणून शब्दशः अर्थ ‘घर्मग्रंथींचा पूयुक्त दाह’. जुन्या ग्रंथांत पहिले अक्षर ‘पाणी’ या अर्थाच्या ‘हिदोर’वरून घेतलेले दिसते, ती चूक होय. मराठी लेखनात दोन्ही ‘हायड्रा’च होत असल्याने हा घोटाळा आपल्याकडे लपून राहतो. मूळ नावातली चूक मात्र याहून मोठी आहे.

फ्रेंच शल्यविशारद व्हेल्पो यांनी १८३९ मध्ये काख, स्तन व गुदद्वार परिसरातील अशा गळवांचे वर्णन केले. काही लेखक हे वर्णन थोडे आधीचे मानतात. १८५४ पासून पुढे व्हेर्नॉय यांनी त्याचा संबंध घर्मग्रंथींशी जोडला. हा तर्क मुख्यतः गळवांच्या जागेवरून केलेला होता, सूक्ष्मदर्शकाखालील पुराव्यावरून नव्हे. तरीही फ्रान्समध्ये ‘व्हेर्नॉयचा रोग’ हे नाव रूढ झाले. १९२० च्या दशकात शिफरडेकर यांनी घर्मग्रंथींचे दोन प्रकार वेगळे केल्यावर दोष काख-जांघेतील ॲपोक्राइन ग्रंथींवर आला. १९५५ मध्ये शेली व कान यांनी बारा पुरुषांच्या केस काढलेल्या काखेवर बेलाडोना हे वनस्पतिजन्य औषध लावलेली चिकटपट्टी बसवली. तिघांना गाठी आल्या. ॲपोक्राइन नलिका तुंबल्याचा हा पुरावा मानला गेला. परंतु ही नलिका केशकूपातच, म्हणजे केस ज्यातून उगवतो त्या त्वचेतील खळग्यातच, उघडते. चिकटपट्टीने तिच्याबरोबर कूपाचे तोंडही बंद होणारच. म्हणजे दोष घर्मग्रंथीचा की केशकूपाचा, यांपैकी कोणताच पक्ष या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

१९५६ मध्ये या विकाराची गणना गंभीर मुरूम व डोक्याच्या त्वचेवरील खोल गळवे यांच्यासोबत ‘कूप-अवरोध त्रयी’त झाली, १९७५ मध्ये माकडहाडाजवळचा केसयुक्त नाडीव्रण हा चौथा घटक तिला जोडला गेला. १९८९ मध्ये प्लेविग व श्टेगर यांनी ‘ॲक्ने इन्व्हर्सा’, म्हणजे ‘उलट्या जागचा मुरूम’, हे नाव सुचवले. तेही फारसे समाधानकारक नाही, कारण मुरमावर गुणकारी असलेले आयसोट्रेटिनॉइन येथे तितके उपयोगी पडत नाही. आज बहुतेक तज्ज्ञ कूपपक्षाचे आहेत : केशकूपाचे तोंड जाड होऊन बंद होते, कूप फुगतो व फुटतो, त्यातील केराटिन हे प्रथिन ऊतकांत सांडते आणि त्याविरुद्ध तीव्र दाह पेटतो. घर्मग्रंथी नंतर भरडल्या जातात. २०१० मध्ये काही चिनी कुटुंबांत गॅमा-सिक्रेटेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकांतील बदल आढळले, त्यानेही कूपपक्षाला बळ मिळाले. बहुसंख्य रुग्णांत मात्र असे बदल नसतात.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये ‘विदारिका’ येते, विदारीकंदासारखी गोल, लाल, काख व वंक्षण (जांघ) या सांध्यांत होणारी. संहितेचा काळ वादग्रस्त असून आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाले असावे. जागा जुळते म्हणून विदारिकेला हाच विकार ठरवण्याचा मोह होतो. पण वारंवारता आणि बोगदे ही निर्णायक लक्षणे त्या वर्णनात नाहीत; लसीका ग्रंथींचा शोथ हा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. त्याच प्रकरणातील ‘अग्निरोहिणी’ काखेतलीच असली तरी ती ज्वरासह काही दिवसांत प्राण घेणारी आहे. येथे तिचा विचार करण्याचे कारण नाही.

कार्ल मार्क्स यांना अनेक वर्षे छळणारी ‘कार्बंकल्स’ हाच विकार होता, असे मत त्वचारोगतज्ज्ञ सॅम शुस्टर यांनी २००७ मध्ये मांडले. मार्क्स यांनी १८६६ मध्ये एक गाठ स्वतःच वस्तऱ्याने कापल्याचे त्यांच्या पत्रात आहे. गाठींच्या जागा पाहता निदान पटण्याजोगे आहे, तथापि पत्रांवरून केलेले निदान ते पत्रांवरूनच.

निदान व अवस्था : निदान नजरेने होते : विशिष्ट गाठी, विशिष्ट जागा आणि पुनरावृत्ती. तरी ते व्हायला कित्येक वर्षे लागतात, कारण प्रत्येक गळू नव्याने आलेले समजून चिरले जाते. पूच्या तपासणीत अनेकदा त्वचेवरचे नेहमीचेच जंतू सापडतात. भारतात क्षयजन्य त्वचाव्रण वेगळा काढणे अगत्याचे आहे. तोही काख-मानेत वाहणारी छिद्रे करतो. हर्ली यांच्या वर्गीकरणात (१९८९) पहिल्या अवस्थेत फक्त गळवे, दुसरीत सुटे बोगदे व वण, तिसरीत सगळा भाग एकमेकांत गुंतलेला असतो.

उपचार : सौम्य विकारात क्लिंडामायसिनचे मलम व टेट्रासायक्लीन गटाची औषधे देतात. पुढे क्लिंडामायसिन व रिफॅम्पिसिन एकत्र सुमारे दहा आठवडे देण्याची प्रथा आहे. रिफॅम्पिसिन हे क्षयावरचेही औषध असल्याने, क्षय नसल्याची खात्री केल्याशिवाय ते सुरू करू नये. जैविक औषधांपैकी अडालिमुमॅबला २०१५ मध्ये अमेरिका व यूरोपात या विकारासाठी मान्यता मिळाली. दोन मोठ्या चाचण्यांत बाराव्या आठवड्याला ४२ व ५९ टक्के रुग्णांत अपेक्षित सुधारणा दिसली. औषधाविना सुया घेतलेल्यांत ती २६ व २८ टक्के होती. या औषधाची पहिली जैवसदृश (बायोसिमिलर) आवृत्ती २०१४ मध्ये भारतातच विक्रीस आली. अडालिमुमॅबमुळे सुप्त क्षय जागा होऊ शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे व माँटू चाचणी करतात. नंतर सेक्युकिनुमॅब (२०२३) व बिमेकिझुमॅब (२०२४) यांचीही भर पडली.

नुसती चीर देऊन पू काढल्याने ठणका थांबतो, गाठ मात्र परत येते. बोगद्यात सळई घालून त्याचे छप्पर कापायचे, तळ तसाच ठेवायचा आणि जखम उघडी ठेवून भरू द्यायची, ही पद्धत लहान बोगद्यांना अधिक योग्य. विस्तृत विकारात तो भागच काढावा लागतो.

दैनंदिन जीवन : वैद्यकीय ग्रंथ या बाबतीत त्रोटक आहेत. लोकलमधली कडी धरणे किंवा दोरीवर कपडे वाळत घालणे एवढ्यानेही काखेतली ताजी गाठ ताणते. चिकटपट्टी त्वचा सोलते, म्हणून न चिकटणारे गॉझ ठेवून वर अंगासरशी सुती बनियन घालणे बरे पडते. धूम्रपान व स्थूलता यांचा विकाराशी निकटचा संबंध आहे. मात्र बारीक व धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो होतो, हे रुग्णाला वजनावरून बोल लावण्याआधी ध्यानात घ्यावे. डाग व वास यांच्या धास्तीने माणसे लोकांत जाणे टाळतात. नैराश्याचे प्रमाण जास्त असते. नितंब व गुदद्वाराजवळच्या वर्षानुवर्षे वाहणाऱ्या व्रणात, विशेषतः पुरुषांत, क्वचित खवलेपेशींचा कर्करोग उद्भवतो. अशा व्रणाची कड अचानक कठीण वा उंच झाल्यास तुकडा काढून तपासतात.