चीनचं स्टील उतरलं, मग सळई का नाही उतरली?

‘आशियात स्टीलचे भाव घसरणार’ अशी बातमी आली की घर बांधायला काढलेला माणूस सळईची ऑर्डर आठवडाभर पुढे ढकलतो. पण त्या बातमीतलं स्टील बहुतेक वेळा त्याच्या स्लॅबमध्ये जाणारच नसतं. बातमी असते हॉट रोल्ड कॉइलची आणि त्याला हवी असते सळई. दोन्ही पोलादच, पण बाजार वेगळे.

कॉइल म्हणजे गुंडाळलेला पत्रा. तो गाड्या, पाइप, फ्रिज यांत जातो. पेणजवळच्या डोलवीसारख्या अवाढव्य कारखान्यांत तो तयार होतो आणि जहाजाने देशोदेशी फिरतो. म्हणूनच चीनमध्ये काही हललं की त्याचा भाव इथेही हलतो. २०२१ पासून चीनची घरबांधणी कोसळली, कारखाने मात्र चालूच राहिले. २०२४ मध्ये तिथून सुमारे ११ कोटी टन पोलाद बाहेर पडलं. २०१५ नंतर एवढी निर्यात झाली नव्हती. मग व्हिएतनाम, दक्षिण कोरिया यांनी चिनी मालावर शुल्क लावलं. भारताने एप्रिल २०२५ मध्ये पत्र्याच्या वर्गातल्या आयातीवर १२ टक्के सेफगार्ड ड्युटी, म्हणजे स्वस्त आयातीच्या लोंढ्यापासून देशी उद्योगाला वाचवणारं जादा शुल्क, बसवली. पुढे ती तीन वर्षांसाठी कायम झाली, दर वर्षी थोडी कमी होत जाणारी: १२, ११.५, ११.

यातून कॉइलच्या भावाला एक छत मिळालं आहे. चिनी माल शुल्कासह बंदरात जेवढ्याला पडतो, त्याच्या फार वर देशी कंपन्यांना जाता येत नाही. गेल्या तर व्यापारी आयातीकडे वळतात. चीनने जानेवारी २०२६ पासून स्टील निर्यातीला परवाना सक्तीचा केला आहे, त्याने भावाला थोडा आधार मिळेल. तरी तिथली घरबांधणी सावरत नाही तोवर कॉइलमधली मोठी तेजी टिकेल असं मला वाटत नाही.

सळईचं गणित निराळं. ही ड्युटी सळईवर नाही, आणि तिची गरजही नाही, कारण आयएसआय मार्काची अट असल्याने चिनी सळई इथे जवळजवळ येतच नाही. आपल्याकडची बरीच सळई जालन्याच्या एमआयडीसीतून येते. तिथे भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून बनवलेलं कच्चं लोखंड) वितळवतात आणि भट्टी विजेवर चालते. त्यामुळे भाव ठरतो तो भंगार, वीजदर आणि हंगाम यांवर. पावसाळ्यात स्लॅबची कामं थांबली की दर नरमतो, दिवाळीनंतर मागणी पुन्हा उठते.

गोंधळ वाढवणारी एक गोष्ट आहे. शांघायच्या वायदेबाजारात सळईचाही सौदा होतो आणि त्याच्याही बातम्या येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथली सळई जोरात पडली. २५ सप्टेंबरपासून चीनमध्ये सळईच्या गुणवत्तेचा नवा दर्जा लागू होणार होता, म्हणून जुना साठा खपवायची व्यापाऱ्यांत घाई उडाली होती. या कारणाचा जालन्याशी काडीचा संबंध नव्हता.

तेव्हा घर बांधणाऱ्याने शांघाय सोडून जालन्याचा दर पाहावा. मात्र हा दर बहुधा कारखान्याच्या दारातला, जीएसटी न धरलेला असतो. त्यावर १८ टक्के कर, ट्रकभाडं आणि दुकानदाराचा नफा धरूनच त्याची आपल्या गावच्या भावाशी तुलना करावी.