रोज ५० शब्द? आधी हिशेब करा

'रोज ५० शब्द, महिन्यात फाडफाड इंग्रजी' अशा जाहिराती सगळीकडे दिसतात. ५० शब्द संध्याकाळपर्यंत पाठ होतातही. प्रश्न आहे तो महिन्याने आठवण्याचा.

जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ अशा ४० जोड्या दिल्या. एकदा बरोबर आलेली जोडी एका गटाला पुन्हा पुन्हा वाचायला दिली, पण विचारली नाही. दुसऱ्या गटाला विचारत राहिले, पण वाचायला दिली नाही. आठवड्याने पहिल्या गटाला सुमारे ३६ टक्के जोड्या आठवल्या, दुसऱ्याला ८०! आपल्याला किती आठवेल याचा अंदाज मात्र दोन्ही गटांनी सारखाच, निम्म्याच्या आसपास, बांधला होता. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो, तिथेच फसगत होते. समोर दिसलेला शब्द ओळखणे वेगळे आणि समोर नसताना आठवणे वेगळे; दुसऱ्याचा सराव वाचून होत नाही. स्मरणशक्तीच्या चूर्णाने किंवा 'मिडब्रेन' म्हणजे मध्यमेंदू जागवण्याचा दावा करणाऱ्या शिबिरानेही नाही.

म्हणून चिठ्ठ्या करा. पुढे मराठी अर्थ आणि शब्द गाळलेले इंग्रजी वाक्य, मागे तो शब्द. उत्तर मोठ्याने म्हटल्याशिवाय चिठ्ठी उलटायची नाही. विज्ञानपत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेल्या पद्धतीत डब्याला पाच कप्पे असतात. त्यांतल्या चिठ्ठ्या अनुक्रमे १, ३, ७, १५ आणि ३० दिवसांनी विचारा. बरोबर आली की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकली की थेट पहिल्यात.

आता हिशेब. एकही चूक न होता शब्द पाच वेळा परत येतो. रोज ५ नवे शब्द घेतले, तर दोन महिन्यांनी रोज २५ चिठ्ठ्या समोर येतात. चिठ्ठीला १० सेकंद धरले तर चार-पाच मिनिटे. ५० घेतले तर २५० चिठ्ठ्या, म्हणजे चाळीस मिनिटांहून जास्त, चुकलेल्या वेगळ्याच. ढीग साचला तर नवे शब्द थांबवा, उजळणी थांबवू नका.

शब्दकोशातून अनुक्रमाने शब्द उचलू नका. 'ॲडॅप्ट' आणि 'ॲडॉप्ट' एकाच दिवशी शिकले की दोन्ही एकमेकांत अडकतात. पहिला चौथ्या कप्प्यात पोहोचला, की मगच दुसऱ्याची चिठ्ठी लिहा.