सोलोच्या खाली कोण वाजवतं?

'क्लॅप्टन म्हणजे देव' असं साठच्या दशकाच्या मध्यावर लंडनमधल्या एका भिंतीवर कुणीतरी रंगवून ठेवलं होतं. सर्वश्रेष्ठ गिटारिस्ट कोण, सर्वश्रेष्ठ सोलो (गाण्यात एकट्या गिटारने रंगवलेला भाग) कोणता, हे वाद तेव्हापासून पेटलेले आहेत. जुलै १९६६मध्ये गिटारवर एरिक क्लॅप्टन, बासवर (खालच्या सुरांच्या गिटारवर) जॅक ब्रूस आणि ड्रम्सवर जिंजर बेकर अशा तिघांचा 'क्रीम' हा रॉक बँड उभा राहिला. ब्रूस आणि बेकर दोघेही जॅझमधून आलेले, आधीच्या बँडपासून हाडवैर असलेले.

दोनच महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९६६ला, लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये क्रीमचा कार्यक्रम होता. नुकताच अमेरिकेहून आलेला गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्स मंचावर चढला आणि त्याने 'किलिंग फ्लोर' हे गाणं असं वाजवलं की क्लॅप्टन चाटच पडला. हेंड्रिक्सचा स्वतःचा बँडही तिघांचाच. त्यातला बासवादक नोएल रेडिंग मुळात गिटारिस्ट. जागा बासची होती, म्हणून त्याने बास धरला.

तिघांच्या बँडमध्ये सोलो सुरू झाला की खाली ऱ्हिदम गिटार (साथीला ताल-कॉर्ड धरणारी गिटार) उरत नाही. ती पोकळी बास आणि ड्रम्सनी भरायची. क्रीमचं 'क्रॉसरोड्स' नीट ऐका. मार्च १९६८, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड सभागृह. रॉबर्ट जॉन्सनचं १९३६चं ब्लूज गाणं, पण ब्रूस इथे नुसती साथ करत नाही, क्लॅप्टनच्या अंगावर धावून जातो. जुगलबंदीच ती. या सोलोत सम हुकली होती असं क्लॅप्टन पुढे म्हणाला. त्याला स्वतःला हे रेकॉर्डिंग फारसं रुचत नाही. चाहत्यांच्या याद्यांतून मात्र ते हलायला तयार नाही. माझं मत चाहत्यांच्या बाजूने, फक्त निम्मं श्रेय ब्रूसला.

हेंड्रिक्सच्या बाबतीत याद्यांमध्ये बहुधा 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' येतं. ते १९६८चं, स्टुडिओत थरावर थर चढवून केलेलं. त्यातला बासही हेंड्रिक्सचाच आणि अकूस्टिक गिटारवर डेव्ह मेसन. सोलो अप्रतिम आहे, पण तिघांच्या बँडचा पुरावा म्हणून तो चालणार नाही. त्यासाठी 'मशीन गन' काढावं: नववर्ष १९७०, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट, बिली कॉक्सचा बास, बडी माइल्सचे ड्रम्स. व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं हे बारा मिनिटांहून लांब गाणं. माइल्सचा स्नेअर ड्रम गोळ्यांसारखा सुटतो आणि त्यावर हेंड्रिक्स एकच स्वर ताणून धरतो.

क्रीम तर १९६८च्या नोव्हेंबरमध्येच मोडला. पुढे तिघांचेच आणखी बँड आले: टेक्सासमधून झीझी टॉप, टोरंटोमधून रश. रशच्या गेडी लीने ती पोकळी भरायला वेगळाच उपाय काढला. तोंडाने गाणं, हातांनी बास किंवा कीबोर्ड आणि पायांनी बास पेडल्स (पायाने दाबून खालचे सूर काढायच्या पट्ट्या).