ऑब्च्युरेटर (टाळूची कवळी)

वरच्या जबड्याचा भाग काढून टाकावा लागल्यावर तोंड आणि नाक यांच्यामध्ये जी आरपार पोकळी राहते, ती बंद करणारी आणि गेलेले दातही भरून देणारी, काढता-घालता येणारी कवळी. महाराष्ट्रात तिची गरज तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना कायमच लागत आली आहे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने त्यांत मोठी भर घातली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचे उपचार असलेल्या अनेकांचे हाड या बुरशीने कुजवले आणि वरचा जबडा काढावा लागला.

पोकळी उघडी राहिली की घोटभर पाणीही नाकावाटे बाहेर येते. 'प', 'ब' या वर्णांसाठी तोंडात हवा कोंडावी लागते; ती नाकातून निसटते आणि 'बाबा' म्हणायला जावे तर 'मामा' ऐकू येते. चारचौघांत जेवणे, फोनवर बोलणे रुग्ण टाळू लागतो. म्हणूनच या कवळीला केवळ दातांचा उपचार समजणे चूक आहे.

अशा साधनांची वर्णने सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रोझ पॅरे याच्या लेखनात सापडतात. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या वरच्या जबड्यावर १९२३ मध्ये व्हिएन्नात हान्स पिश्लर याने कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया केली. त्यानंतरची सोळा वर्षे फ्रॉइडने टोचणाऱ्या, पुन्हा पुन्हा दुरुस्त कराव्या लागणाऱ्या अशाच कवळीवर काढली.

कवळी कशी बसेल हे बरेचसे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ठरते, म्हणून प्रोस्थोडॉन्टिस्टने (कृत्रिम दात-जबडे बसवणाऱ्या दंततज्ज्ञाने) रुग्णाला आधीच पाहायला हवे. शेवटच्या टिकणाऱ्या दाताला लागून हाड कापले तर तो दात लवकरच हलू लागतो. त्याऐवजी शेजारचा दात काढून त्याच्या खाचेच्या मधून छेद घेतला, तर टिकणाऱ्या दाताभोवती हाड शाबूत राहते आणि कवळीचा आकडा त्यावर भक्कम बसतो. एखादा सुळा वाचला तरी पुढे फार मोठा फरक पडतो.

पहिली कवळी आधी घेतलेल्या मापावर तयार ठेवून शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवतात. ती जखमेत भरलेले गॉजचे पॅकिंग धरून ठेवते आणि अन्नासाठी नाकातून घातलेली नळी लवकर निघायला मदत करते. पॅकिंग काढल्यावर तात्पुरती कवळी येते. जखम आक्रसेल तशी ती वारंवार भरून-घासून घ्यावी लागते. पक्की कवळी साधारण तीन ते सहा महिन्यांनी करतात. तिचे माप घेताना पोकळीच्या आतल्या कपारी व्हॅसलीन लावलेल्या गॉजने भरतात आणि गॉजला दोरा बांधून ठेवतात, नाहीतर मापाचा मसाला आत अडकून बसतो. पोकळीत जाणारा ॲक्रिलिकचा फुगा आतून पोकळ ठेवतात, कारण खाली हाडाचा आधार नसलेली जड कवळी आपल्याच वजनाने लोंबते आणि आधाराचे दात ओढते. शेवटी पाण्याचा घोट देऊन मान पुढे वाकवायला सांगतात. नाकातून थेंब आला नाही की काम जमले.

आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे तोंड न उघडणे. सुपारी-गुटख्यामुळे आधीच आखडलेले तोंड रेडिएशनने आणखी आखडते. मापाचा ट्रेही आत जात नाही; मग दोन तुकड्यांत माप घेणे, कवळीही दोन भागांत करणे आले. लाळ आटल्याने कवळी घासते आणि उरलेले दात मुळाशी किडतात. म्हणून रोज फ्लोराइड लावावे लागते. वाचण्याजोगे नसलेले दात रेडिएशनच्या निदान दोन आठवडे आधी काढतात, कारण नंतर काढल्यास जबड्याचे हाड मरण्याचा धोका असतो.

दातच उरले नसतील तर इम्प्लांटचा, म्हणजे हाडात रोवलेल्या धातूच्या खुंटीचा, आधार घेतात. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्कने १९६५ मध्ये ज्याला टायटॅनियमचे पहिले दंत-इम्प्लांट बसवले, त्या रुग्णाच्या जबड्यातही जन्मजात व्यंग होते. वरच्या जबड्यात हाड नसेल तर गालाच्या हाडात लांब झायगोमॅटिक इम्प्लांट रोवतात. दुसरा मार्ग म्हणजे पायाच्या फिब्युला हाडाचा तुकडा रक्तवाहिन्यांसह आणून जबडा नव्याने घडवणे. तो अधिक कायमचा, पण शस्त्रक्रिया लांबते आणि खर्चही वाढतो. कर्करोग उलटण्याची भीती असेल, तर कवळी काढून बॅटरीच्या उजेडात सगळी पोकळी थेट तपासता येते. फ्लॅपखाली, म्हणजे पोकळीवर आणून बसवलेल्या हाडा-मांसाखाली, ते शक्य नसते.