तुमच्या डाळिंबाच्या रिपोर्टवरचा 192

डाळिंबातले औषधांचे अंश तपासून आम्ही जो रिपोर्ट देतो, त्याला जोडलेल्या आलेखावर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या नावापुढे 192 हा आकडा दिसतो. गेल्या हंगामात सांगोल्याच्या एका बागायतदारांनी ते औषधाचं प्रमाण समजून काउंटरवरच कपाळाला हात लावला. काका, ते प्रमाण नव्हे, रेणूचं वजन आहे. आणि खरं सांगायचं तर तेही एकानं जास्तच. कार्बेन्डाझिमचं वजन 191. हे वरचं एक आलं कुठून, ते समजलं की नमुना घेण्याच्या आमच्या निम्म्या अटी कशासाठी आहेत हेही समजतं. म्हणून हे पत्रक.

आमचं यंत्र रेणूला विजेच्या बळावर ओढून त्याचं वजन ओळखतं. ज्याच्यावर विद्युतभार नाही, तो ओढला जात नाही आणि यंत्राला दिसतही नाही. औषधाचा रेणू बहुतेक वेळा भाराविना असतो. त्याच्या अंगावर एक प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, बसवला की काम होतं. प्रोटॉनचं वजन एक. 191 चे 192 झाले ते असे.

तो बसतो कसा, ते बघण्यासारखं आहे. डाळिंबाचा अर्क पाणी, मिथेनॉल आणि चिमूटभर फॉर्मिक आम्लासोबत एका बारीक सुईतून काही हजार व्होल्टवर फवारला जातो. फवारणीच म्हणा, फक्त थेंब डोळ्यांना न दिसणारे. गरम नायट्रोजनमध्ये थेंब आटतो, भार दाटतो, थेंब फुटतो, पुन्हा आटतो. शेवटी उरतात रेणूंचे छोटे घोळके: थोडं पाणी, थोडं मिथेनॉल, एखादा औषधाचा रेणू आणि सगळ्यांत मिळून एक जादा प्रोटॉन. याच फवारणीच्या पद्धतीनं मोठमोठे रेणू तोलून दाखवल्याबद्दल जॉन फेन यांना 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता घोळक्यातला प्रोटॉन जाणार कोणाकडे? ज्याची ओढ जास्त, त्याच्याकडे. ही ओढ मोजलेली आहे: पाण्याची 691, मिथेनॉलची 754, अमोनियाची 854 किलोज्यूल प्रति मोल. कार्बेन्डाझिमसारख्या नायट्रोजनवाल्या औषधांची ओढ पाणी आणि मिथेनॉलपेक्षा बरीच वरची. म्हणून प्रोटॉन सरकत सरकत औषधावर येऊन बसतो आणि पाणी, मिथेनॉल एकेक करून उडून जातात.

यात एक गंमत आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याला आपण सगळ्यांनी पाहिलंय. भोवती सावरायला माणसं असली की तो सहजासहजी दुसऱ्याकडे देत नाही. प्रोटॉनचंही तसंच. पाण्याच्या एका रेणूची ओढ 691, पण दोन रेणूंनी मिळून धरला की ती 808 च्या आसपास जाते. बेन्झीनची ओढ 750. म्हणजे एकट्या पाण्याकडून बेन्झीन प्रोटॉन घेईल, जोडीकडून नाही. हवेतले वायू तपासणाऱ्या काही यंत्रांना दमट हवेत हीच अडचण येते. आम्ही नायट्रोजन कोरडा आणि गरम ठेवतो, म्हणजे पाण्याचे घोळके टिकत नाहीत. विजेच्या बिलाचा विषय इथे काढत नाही.

192 मिळालं म्हणून आम्ही लगेच कार्बेन्डाझिम लिहीत नाही. त्या वजनाचे इतरही रेणू असतात. म्हणून तो रेणू वायूवर आपटवून मोडतो. आत प्रोटॉन सरकतो, 32 वजनाचं मिथेनॉल सुटतं आणि 160 उरतं. 192 आणि 160 ही जोडी, ते औषध यंत्रात पोचण्याच्या ठरलेल्या वेळेला जमली, तरच नाव रिपोर्टवर येतं.

सगळी औषधं प्रोटॉन घेत नाहीत. टू-फोर-डी हे तणनाशक उलट देऊन टाकतं. वजन 220, आलेखावर 219. जुनी क्लोरीनवाली औषधं घेतही नाहीत आणि देतही नाहीत, त्यांना दुसरं यंत्र लागतं. त्याची फी वेगळी लागते ती म्हणून, उगाच नाही.

आता अटींकडे. फळ धुऊन आणू नका, आणि साबणाच्या किंवा कपड्यांच्या पावडरच्या पिशवीतून तर मुळीच नको. साबणाचे रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि औषधाला भार मिळू देत नाहीत. औषध फळात असतं, पण यंत्राला कमी दिसतं. एका नमुन्यात आम्ही मुद्दाम ठरावीक प्रमाणात घातलेलं औषधसुद्धा पूर्ण दिसेना. चौकशी केली तेव्हा कळलं, फळं निरम्याच्या पाण्यातून काढली होती. कमी आकडा बघून तुम्हाला बरं वाटेल, पण तोच माल युरोपच्या बंदरावर तपासला गेला तर? तिथे ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम लागू होते. हजार टन डाळिंबात दहा ग्रॅम, एवढं बारीक मोजमाप आहे हे.

मिठाचा हात लागला तर प्रोटॉनच्या जागी सोडियम चिकटतो आणि वजन 1 ऐवजी 23 नं वाढतं. डाळिंबाच्या सालीतले घटकही आकडा दाबतात. त्यासाठी आम्ही तुलनेचे नमुने औषध नसलेल्या डाळिंबाच्याच अर्कात बनवतो. तपासणी फळाची सालीसकट होते, सोलून आणलेले दाणे घेत नाही.

रिपोर्टवर ‘आढळले नाही’ असं असेल तर शेजारचा मोजणी-मर्यादेचा रकाना वाचा. त्या आकड्याच्या खाली काय आहे, हे आम्ही सांगत नाही. आणि कोणतं औषध काढणीआधी किती दिवस थांबवायचं, हे सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राला विचारा. तो आमचा विषय नाही.

नमुना कमीत कमी 2 किलो, बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून, नव्या कोऱ्या पिशवीत. खताच्या गोणीत आणलेला परत पाठवतो, मग गाडी मंगळवेढ्याहून आलेली असो की माळशिरसहून.