आई-वडिलांना गावच्या घरातच राहायचं असेल तर

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ च्या जनगणनेत ती १६,१५,०६९ भरली. दर हजार पुरुषांमागे तेव्हा इथे ११२२ बायका होत्या. कारण आपल्याला ठाऊक आहे. कमावती माणसं मुंबई-पुण्याला, आणि चिऱ्याच्या एवढ्या मोठ्या घरात आजी-आजोबा दोघंच, नाहीतर आजी एकटी. हे पत्रक त्यांच्यासाठी आणि त्यांच्या चाकरमानी मुला-सुनांसाठी. म्हातारपणी घरात वावरणं सोपं व्हावं म्हणून आम्ही अशा घरांत दुरुस्त्या करून देतो.

घर बघायला आलो की आमचा पहिला प्रश्न असतो, रात्री उठून कुठून जाता? बहुतेक घरांत माजघर, मागची पडवी, दोन पायऱ्या खाली आणि मग न्हाणी, संडास. जुलैत त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यात वीज गेलेली. म्हणून खर्च करायचा तर आधी या वाटेवर करा. दर्शनी हॉलच्या चकचकीत टाइल्स राहू द्या. वाटेवर खरखरीत फरशी, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, वीज गेली तरी जळणारे बॅटरीचे बल्ब आणि भिंतीलगत सलग कठडा. जमत असेल तर झोपायच्या खोलीलाच लागून संडास बांधावा, त्यात कमोडची बैठक जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास. गुडघे दुखणाऱ्याला याहून बुटकी बैठक त्रासाची होते.

कमोडशेजारी धरून उठायला जो दांडा लावतात त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चूक जिवावर बेतते. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र आणि ठिसूळ. साध्या प्लगात स्क्रू पिळून बसवलेला दांडा पहिले काही दिवस घट्ट वाटतो, मग एक दिवस माणसाच्या भारासकट उखडून येतो. आम्ही भिंतीतून आरपार बोल्ट घालतो आणि पलीकडून लोखंडी पट्टी लावतो. बसवल्यावर आमचा माणूस त्याला लोंबकळून दाखवेल. तो लोंबकळल्याशिवाय पैसे देऊ नका.

ओटीच्या पायऱ्या काढून उतार करा, असं पुष्कळ जण सांगतात. व्हीलचेअरसाठी एक इंच चढाला एक फूट लांबी लागते, म्हणजे दीड फूट उंच ओटीला अठरा फूट. घरापुढच्या खळ्यात तेवढी जागा असते. पण काठी घेऊन चालणाऱ्याला पाच-सहा इंचांची बुटकी पायरी आणि दोन्ही बाजूंना कठडा जास्त सोयीचा पडतो. चाकाची खुर्ची नसेल तर पायऱ्या तोडू नका.

उंबरठ्याचंही तसंच. एका काकूंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, "रोज हळदकुंकू वाहते मी त्याला, हात लावायचा नाही." आम्ही दोन्ही अंगांना सागाच्या उतरत्या फळ्या बसवल्या, उंबरठा जागच्या जागी राहिला.

गणपतीला सगळे घरी असताना आम्हाला बोलवा. तेव्हा पाऊसही असतो, कुठे ओल येते, कुठे घसरतं ते दिसतं. मापं घेताना आजी-आजोबांनी स्वतः चालून दाखवायचं. दांड्याची उंची आम्ही त्यांच्या हातावरून ठरवतो. काम दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर.